दुखतो गाल, मग मान कशाला कापता?

मी संशयी माणूस आहे. लोक हे माझ्या पाठीमागे बोलतात, मी तोंडावर सांगतो. विचुंबे, सुकापूर आणि आजूबाजूच्या गावांत मी गेली तीसेक वर्षं जमिनींच्या खरेदी-विक्रीची कामं करतो. समोरच्यानं हसून चहा मागवला की हा आज चहा का पाजतोय, हे माझ्या डोक्यात आधी येतं. प्लॉटची काही भानगड नाही असं कोणी म्हणालं की मी शेजारच्या शेतात राबणाऱ्या म्हाताऱ्याला जाऊन विचारतो. याच सवयीवर माझं घर चाललं.

तपासणीला हॉस्पिटलात जातो तेव्हा बाकावर शेजारी बसलेली माणसं माझ्या मानेवरचा व्रण बघतात. कानाच्या मागून निघून तो हनुवटीखाली येतो, लपवता येत नाही. मग कोणीतरी सरकून हळूच विचारतं, "दादा, तुमचा गालाचा होता ना? मग मान कशाला कापली?" हाच प्रश्न मीही विचारला होता, आणि हळूच विचारला नव्हता. बाहेर बसलेल्या लोकांनी आत डोकावून बघितलं होतं. ज्यांना डॉक्टरांनी कालपरवा हे सांगितलंय आणि ज्यांची झोप उडालीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे माझं वाचून कोणी काही ठरवू नये. पण डॉक्टरला काय विचारायचं, ते तरी सुचेल.

दाढेचं निमित्त

दोन हजार अकराच्या आसपासची गोष्ट. डाव्या बाजूच्या खालच्या दाढेचा कोपरा तुटला आणि त्याची धार गालाला आतून लागायला लागली. तिथं जखम झाली. दाढेनं जखम झाली यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मीही घेतला नाही. मेडिकलमधून मलम आणलं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. जखम बरी झाल्यासारखी वाटायची आणि पुन्हा झोंबायला लागायची.

नवीन पनवेलमधले माझे दातांचे डॉक्टर फार बडबडे. दाढ घासून गुळगुळीत करताना त्यांनी मला सेक्टरमधल्या पाण्याच्या तक्रारीपासून सासऱ्यांच्या प्लॉटपर्यंत सगळं ऐकवलं. दोन आठवड्यांनी परत बोलावलं, तेव्हाही बोलणं चालूच होतं. मग त्यांनी गालावर उजेड टाकला आणि ते गप्प झाले. आरसा फिरवला, बोट घालून जखमेची कड दाबली.

"तंबाखू?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"गुटखा, मावा, मिश्री?"

"नाही."

"कधीतरी, चार मित्रांत बसल्यावर?"

"डॉक्टर, माझ्या बापाच्या तोंडाला तंबाखूचा वास यायचा म्हणून मी लहानपणी त्याच्याजवळ झोपायचो नाही. मी हात लावलेला नाही."

त्यांनी मान डोलावली, पण नजर वेगळंच सांगत होती. 'या जमिनीला दुसरा वारसच नाही' असं सांगणाऱ्याकडे मी ज्या नजरेनं बघतो, तीच ती नजर. मला भयंकर राग आला. आयुष्यभर मी लोकांवर संशय घेतला होता, माझ्यावर कोणी घेतलेला मला सोसवेना. त्यांनी जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट आणायला माझी मुलगी मनाली गेली. ती तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. घरात शिरताना चपला कुठंही उडवणारी पोरगी त्या दिवशी वाकून चपला नीट जोडून ठेवत होती. मी सोफ्यावरून बघत होतो.

"दे इकडं," मी म्हणालो.

"पप्पा, आधी ऐका. कॅन्सर आहे. पण लहान आहे, लवकर सापडलाय."

"लहान आहे हे यात लिहिलंय की तू म्हणतेस?"

"डॉक्टर म्हणाले."

"मग एवढी हळू का बोलतेस?"

ती रडायला लागली. आतून माझी बायको वनिता हातात कालथा घेऊन तशीच बाहेर आली. मी घाबरलो होतो, चांगलाच घाबरलो होतो, पण तोंडातून काय निघालं तर, "लॅबवाल्यांनी नावं बदलली असतील." मनालीनं तुकड्याची काच, म्हणजे स्लाइड, दुसऱ्या लॅबमध्येही तपासून घेतली. नावं बदललेली नव्हती.

घरातली झडती

त्यानंतर आमच्या घरात जो संशय सुरू झाला, त्याच्यापुढे माझा संशय काहीच नव्हता.

वनितानं माझ्या स्कूटरची डिकी उघडून बघितली. शर्टांचे खिसे उलटे केले, वास घेतला. मी अंघोळीला गेलो की ती माझी बॅग चाचपायची, हे मला आतून ऐकू यायचं. गावात तर निकाल लागूनच गेला होता. तोंडाचा कॅन्सर म्हणजे तंबाखू, आणि हा नाही म्हणतोय म्हणजे चोरून खात असणार. भेटायला येणारे सुतकाला आल्यासारखे बसायचे आणि जाताना वनिताच्या कानाशी लागायचे.

एक दिवस भाकरी थापता थापता ती थांबली.

"खरा सांगा. मना काय वाटनार नाय. खाता का तुमी?"

"नाही."

"मग झाला कसा?"

"मला काय माहीत कसा झाला!"

"एवरी वर्सं माज्याशी खोटा बोललात का?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे विचारत होती. गालातल्या जखमेपेक्षा त्या शांत आवाजानं मला जास्त दुखलं, हे मी तिला अजूनही सांगितलेलं नाही. आता ती इथं वाचेल.

त्यात माझी मोठी बहीण, आका, गावाहून आली. तुकडा काढल्यानंतर जबड्याखाली थोडी सूज आली होती, मऊ आणि दुखरी. आकानं बोट लावलं आणि तिचा चेहरा खुलला. मला ती लाडानं हसू म्हणते.

"अरे हसू, ह्या तं अवधान हाय! पायाला काटा लागला तं जांगंत येता, तशा दाताच्या जखमंचा गल्याला आला. कॅन्सर बिन्सर काय नाय."

अवधाण आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. कुठं जखम झाली की जवळच्या सांध्यात गाठ येते, जखम भरली की उतरते. तिनं हळद आणि चुना कालवून लेप दिला. चार-पाच दिवसांत सूज खरोखर उतरली. आका जिंकली, आणि मला वाटलं चला, मान तर सुटली.

जाताना ती दारात थांबून म्हणाली, "आता तेला परत सुई लावून देव नको. सुई लावली का पसरता." हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं.

तीन बोटं

मुंबईतल्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात आम्ही तिघं गेलो. वनिता वाटभर खिडकीबाहेर बघत होती. तिथल्या गर्दीबद्दल मी लिहीत नाही, जो गेला त्याला माहीत आहे. एक खरं, की तिथं बसल्यावर आपल्या दुःखाचा तोरा उतरतो.

आमच्या सर्जन बाई चाळिशीच्या, सर्दीनं बेजार. रुमाल खिशात कोंबत म्हणाल्या, "काका, तोंड उघडा. मोठ्ठं. अजून."

"एवढंच उघडतं."

"आपली तीन बोटं उभी घालून बघा बरं."

मी घातली. दोनच गेली. तीन जायला हवीत हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. वडा हल्ली मोडून खावा लागायचा, पण ते वयामुळे असेल असं धरून चाललो होतो.

"तिखट झोंबतं?"

"अॅसिडिटी आहे मला."

"अॅसिडिटी पोटात असते. तोंडात झोंबतं का?"

झोंबायचं. दोन-तीन वर्षं मी आमच्या घरचं कालवण पाणी घालून खात होतो. बाईंना हे कोणी सांगितलं असेल या विचारानं मी मनालीकडे बघितलं. तिनं खांदे उडवले.

"सुपारी किती खाता?" बाईंनी विचारलं. 'खाता का' असं विचारलंच नाही.

"सुपारी खातो की. पण ती काय..."

मागं वनिता एकदम उठून उभी राहिली.

सुपारीचं सांगायला हवं. सौद्याच्या बैठकीत मला तोंड बंद ठेवायला लागतं. मालक भाव सांगतो, गिऱ्हाईक कुरकुरतं, आणि मध्ये बसलेल्यानं घाईनं बोललं की भाव बिघडतो. म्हणून मी बैठकीला बसताना सुपारीचं खांड डाव्या गालात धरायचो. ते विरघळेपर्यंत बोलायचं नाही, हा माझा नियम. दिवसाला दोन बैठका, कधी चार. सौदा ठरला की सगळ्यांसमोर सुपारी फोडायची आमची रीतच आहे, तिचाही तुकडा तोंडात जायचा. सुपारी पूजेला गणपती म्हणून मांडतात, लग्न ठरताना फोडतात, जेवणानंतर पाहुण्यापुढे ठेवतात. तिला कोणी व्यसन म्हणेल हे आमच्या कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मी कोणाशीही खोटं बोललो नव्हतो.

आणि ती सुपारी दर आठवड्याला तुपावर भाजून, बडीशेप घालून डबीत भरून द्यायची वनिता.

"मीच दिली," ती म्हणाली. "माज्या हातानं."

बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं. "ताई, तुम्हाला माहीत नव्हतं. बहुतेक कोणालाच नसतं. सुपारीनं गाल आतून कडक होतो, त्यातून कधीकधी हे होतं. आता रडायचं नंतर, आधी ऐका."

मग त्यांनी ऐकवलं. गालातली गाठ काढायची, सोबत दाढ आणि जबड्याच्या हाडाची कड. आणि डाव्या बाजूची मान उघडून तिथल्या ग्रंथी काढायच्या.

"मानेत काही आहे?" मी विचारलं.

"हाताला काही लागत नाही. सीटीमध्येही दिसत नाही."

"अवधाण होतं, ते उतरलं."

"हो, ती सूज होती. मी तिच्याबद्दल बोलतच नाहीये."

"मग दुखतो गाल, तर मान कशाला कापता?"

हा तो आवाज, ज्यानं बाहेरची माणसं आत डोकावली. मी पुढंही बरंच बोललो. तुकडा काढल्यावरच सूज आली, म्हणजे तुम्ही लोकच पसरवता आणि तुम्हीच कापता, असंही म्हणालो. बाई शिंकल्या आणि म्हणाल्या, "तुकडा काढल्यानं पसरत नाही काका, आणि तो काढल्याशिवाय कशावर उपचार करायचे हेच कळत नाही. विचार करून या. पण फार दिवस लावू नका."

शंभर टक्के

घरी बाजू बदलल्या. आधी संशय घेणारी वनिता आता म्हणत होती, मान कापा, खांदा कापा, काय सांगतील ते कापा. तिला स्वतःच्या हाताचं काहीतरी फेडायचं होतं, हे मला दिसत होतं. डबी तिनं कुठं टाकली कोण जाणे, भाजायचा तवासुद्धा घरातून गेला.

"मी चघळली, तू भाजलीस," मी तिला म्हणालो. "दोघांनाही कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यासाठी माझी मान कशाला देतेस?"

"तुमची मान मनाच तं पायजे हाय," ती म्हणाली आणि रडली. मीही रडलो.

मनालीचं वेगळंच. ती कॉम्प्युटरवर वाचायची आणि मी आलो की पडदा बदलायची. एकदा मी धरलंच. मान कापल्यावर खांदा उचलत नाही, ओठाचा कोपरा वाकडा होतो, असं काहीतरी तिनं वाचलं होतं. माझं सगळं काम बोलण्यावर. तोंड वाकडं झालेल्या माणसाच्या शब्दावर कोण जमीन घेईल, ही भीती मला मरणाच्या भीतीइतकीच होती. हे लिहायला लाज वाटते, पण आजारात माणूस असाच विचार करतो.

ओळखीतल्या एकानं मला दुसऱ्या एका सर्जनकडे नेलं. त्यांनी चहा मागवला. मान दोन्ही हातांनी चाचपली आणि म्हणाले, "काही नाही मानेत. शंभर टक्के. गालाचं काढू, दोन-चार दिवसांत घरी."

मला हवं ते उत्तर मिळालं होतं. जिना उतरताना मी खूश असायला हवा होतो. पण खाली येऊन स्कूटरला किल्ली लावली आणि हात थांबला. शंभर टक्के. पंचवीस वर्षांत ज्या ज्या माणसानं मला 'शंभर टक्के क्लिअर' म्हणून प्लॉट दाखवला, त्या प्रत्येकाच्या प्लॉटवर कोर्टाची केस निघाली होती किंवा दुबईत एक हिस्सेदार भाऊ निघाला होता. ज्याला खरंच माहिती असते तो म्हणतो, एवढं मी बघितलंय, एवढं बघायचं राहिलंय. ते डॉक्टर वाईट होते असं मी म्हणत नाही. हाताला न लागणारी मान लगेच न कापता लक्ष ठेवावं, असं मानणारे चांगले डॉक्टर तेव्हा होते. पण त्यांनी ते तसं सांगितलं असतं तर मी त्यांच्याकडेच ऑपरेशन केलं असतं.

मुरूम

वनिताला घेऊन पुन्हा बाईंकडे गेलो. या वेळी आवाज खाली ठेवून एकच प्रश्न विचारला.

"गालातलं मानेत जातं कसं? त्याला पाय आहेत का?"

बाईंची सर्दी बरी झाली होती. त्यांनी कागद ओढला, एक गाल काढला, एक मान काढली आणि मध्ये बारीक रेघा.

"शरीरात रक्तवाहिन्यांसारख्याच रसवाहिन्या असतात, फार नाजूक. तोंडातला रस त्यांतून मानेतल्या ग्रंथींत जातो. आता ही गालातली गाठ नुसती बसून राहत नाही. ती काही रसायनं सोडते. वाढीचे घटक, आम्ही ग्रोथ फॅक्टर म्हणतो. ती रसायनं शरीरात असतातच, जखम भरायला लागतात. पण गाठ ती भरमसाट सोडते. मग आजूबाजूच्या रसवाहिन्या गाठीच्या दिशेनं वाढायला लागतात. त्यांना फांद्या फुटतात, त्या रुंद होतात."

"म्हणजे रस्ता गाठीकडे येतो."

"हो. गाठ बोलावून घेते. आणि तो रस्ता मानेत जातो. एखादी पेशी तिकडे पोचली असेल तर ती मला हाताला लागणार नाही, सीटीत दिसणार नाही."

मी कागदाकडे बघत राहिलो. हे मी ओळखत होतो. सुकापूरकडे भातशेतीत जाणारी एक पायवाट घ्या. दोन माणसं जेमतेम जातील एवढी. एक दिवस तिच्यावर मुरूम पडतो. महिन्याभरात ट्रक जाईल एवढी वाट होते. आत शेतात अजून वीटसुद्धा नसते, भात डोलत असतो. गावातले म्हणतात, पंचायतीनं रस्ता केला वाटतं. मी समजतो, आत कोणीतरी जमीन घेतलीय आणि रस्ता त्यानं मागवलाय. इमारत दिसण्याची वाट बघणारा माझ्या धंद्यात उपाशी मेला असता. मी कायम मुरूम बघून भाव सांगितला.

"मग ती रसायनं बंद करायचं औषध द्या की," मी म्हणालो.

"त्याच्यावर जगभर काम चालू आहे. तुमच्यासाठी आज माझ्याकडे तसं काही नाही."

"निदान मोजून सांगा. माझ्या गाठीत ती किती आहेत, त्यावरून मानेत गेलंय की नाही ते."

"तसं खात्रीनं सांगता येत नाही अजून. माहीत नाही काका. मान उघडल्यावर कदाचित काहीच मिळणार नाही. तुम्ही थांबायचं म्हणालात तरी मी दर महिन्याला तपासीन. पण नंतर उगवलं, तर ते वेळेत हाती लागेलच असं मी सांगू शकत नाही."

मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होतो. सौद्यात मी चेहराच बघतो. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलची एवढी शिकलेली बाई माझ्यासमोर 'सांगता येत नाही', 'माहीत नाही' असं म्हणाली होती. आणि तेवढ्यानं माझा तिच्यावर विश्वास बसला.

"कापा," मी म्हणालो. वनितानं माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला.

वॉर्ड

शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी, मानेतून निघून बाटल्यांत गेलेल्या दोन नळ्या, मांडीला बँडेज, कारण तिथली कातडी काढून गालात लावली होती. बोलता येत नव्हतं. म्हणून संशय सगळा डोळ्यांत आला. सलाईनवर माझंच नाव आहे का, हे मी मान न वळवता वाचायचा प्रयत्न करायचो. नर्सनं औषध बदललं की मी बोटानं खूण करायचो, काय ते सांग. एक केरळची सिस्टर होती, ती न चिडता प्रत्येक वेळी बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरायची. तिचे उपकार मी विसरणार नाही.

शेजारच्या खाटेवर उरणचे रशीदभाई होते. अर्धं आयुष्य कुवेतमध्ये काढून आलेले, जिभेचं ऑपरेशन झालेलं. ते सारखे माझ्या खाटेला लावलेल्या कागदांकडे बघायचे. माझी खात्री झाली की यांना काहीतरी हवंय. शेवटी मला लिहायला दिलेल्या पाटीवर मी विचारलं, काय बघता? त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, 'तुमचीबी मान कापली काय? मला वाटलं मलाच फसवलं.' आम्ही दोघं हसलो. हसताना टाके ओढले, दोघांचेही डोळे पाण्यानं भरले. त्यानंतर आमचा पाटीवर गप्पांचा कार्यक्रम जमला. त्यांची बायको दुपारी त्यांच्या नळीतून पेज घालायची आणि आधी 'बिस्मिल्ला' म्हणायची. एकदा वनिता उशिरा पोचली तर त्यांनी माझीही पेज घातली, तेवढ्याच काळजीनं, तसंच 'बिस्मिल्ला' म्हणून.

नळीतल्या पेजेला चव नसते. पण ती पोटात उतरताना ऊब लागते. त्या दिवसांत मला तेवढं सुख पुरायचं.

निकाल

मानेतून काढलेल्या ग्रंथींचा रिपोर्ट आला. बाई स्वतः खाटेजवळ आल्या. बहुतेक ग्रंथी स्वच्छ होत्या. दोनमध्ये रोग होता. त्यातली एक मुगाच्या दाण्याएवढी, जी कोणाच्या बोटाला लागली नव्हती, आकाच्या नाही, शंभर टक्केवाल्या डॉक्टरांच्या नाही आणि बाईंच्याही नाही.

मी पाटीवर लिहिलं, 'मला बघायचंय.'

बाई हसल्या. मला वाटलं टाळतील. पण नंतर, चालायला लागल्यावर, त्यांच्या ओळखीनं एका तरुण डॉक्टरनं मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. मी डोळा लावला. जांभळ्या ठिपक्यांमध्ये आणखी जांभळे ठिपके. "हे बघा, हे इथं," तो म्हणत होता. मला काहीही कळलं नाही. पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या शब्दावर न विसंबणारा मी, शेवटी एका पोराच्या 'हे इथं' वर मान डोलावून उठलो.

पुढं रेडिएशन झालं. चेहऱ्यावर जाळीचा साचा घट्ट बसवतात, पहिल्या दिवशी मला वाटलं हे मला यातच विसरून जातील. तोंड आतून सोलवटलं, लाळ आटली, बोंबलाच्या कालवणाच्या वासानंच भूक लागायची आणि खाता यायचं नाही. तोंड उघडायला दातांत आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून बसायचं, रोज एक काडी वाढवायचा प्रयत्न करायचा. खांद्यासाठी भिंतीवर बोटं वर वर चढवायची. हे व्यायाम कंटाळवाणे आहेत, करा. मी कुरकुर करत केले म्हणून आज माझा हात डोक्याच्या वर जातो. ओठाचा कोपरा थोडा खाली आहे. जमिनीचे सौदे तरीही होतात. आता बैठकीत गप्प राहायला गालात काही ठेवावं लागत नाही, बोलायचाच कंटाळा येतो.

आता

काही वर्षं झाली. बाई म्हणतात, छान आहे. मी विचारतो, शंभर टक्के? त्या म्हणतात, "नाही सांगणार." मला बरं वाटतं.

पण खरी तपासणी घरात होते. बाईंनी वनिताला मान कशी बघायची ते एकदा दाखवलं होतं, आणि तेव्हापासून तिनं एक सकाळ चुकवलेली नाही. चहा ठेवायच्या आधी ती माझ्या मागं उभी राहते. आधी जबड्याखाली, मग कानामागं, मग व्रणाच्या कडेनं खाली हाडापर्यंत, मग तेच उजव्या बाजूला. बोटं थंड असतात. एखाद्या दिवशी एका जागी बोट जरा जास्त थांबतं. मग ते पुढं सरकतं.

"काय नाय," ती म्हणते.

हाताला लागत नाही म्हणजे नाही, असं नसतं. आमच्या घरात हे कोणाला शिकवायला नको. माझ्या मानेनंच ते दाखवून दिलंय, आणि वनितालाही ते पुरेपूर ठाऊक आहे. तरी ती 'काय नाय' म्हणाली की मी मागाहून स्वतःचा हात लावून बघत नाही. तिच्या हातचा चहा घेतो आणि कामाला लागतो.